चार पावलं कड्याखाली, सात ओसरीवर

"आई, आम्ही पळून जाऊन लग्न करणार आहोत. तू येशील ना?"

लेकीचा हा फोन आला तेव्हा मी संगमनेरच्या घरात मेथी निवडत बसले होते. आमच्याकडे पळून जाऊन लग्न म्हणजे आळंदी: दोन हार, दोन मित्र आणि दोन दिवसांनी घरी फोन. पळून जाताना आईला गाडीत बसवून नेण्याची पद्धत मला नवीन होती. लेकीने समजावलं. कार्यालय नको, हजार पानं नकोत, डीजे नको. दोन्हीकडची जिवाभावाची पंचवीस-तीस माणसं, भंडारदऱ्याचा डोंगर आणि मागे रतनगड. मुलगा पसंत होता, ठिकाण तर लहानपणापासूनचं ओळखीचं. मी 'हो' म्हटलं आणि आयुष्यभर वर्गात वेळापत्रकं आखलेली बाई म्हणून सगळं नियोजन माझ्याकडे घेतलं.

ते लग्न २०२५ च्या फेब्रुवारीत झालं. झालं म्हणजे दोनदा झालं. तेव्हापासून ओळखीपाळखीत कोणी डोंगरावर लग्न काढलं की मला फोन येतो. प्रत्येकाला तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून काढते.

लहान लग्न म्हणजे कमी काम, ही माझी पहिली समजूत. कार्यालयातल्या लग्नात मीठ कमी पडलं, गुरुजी उशिरा आले, मामा रुसला, तरी आठशे लोकांच्या गलक्यात ते बुडून जातं. सव्वीस माणसांत काही बुडत नाही. एक खुर्ची कमी असली तर ती कोणाची, हे सगळ्यांना दिसतं.

माणसांची यादी करताना आम्ही दोन महिने भांडलो. शेवटी मला सुचलं की विधींनाच विचारावं. नवरीला बोहल्यावर आणायला मामा हवा. कानपिळीला आणि लाजाहोमात हातावर लाह्या घालायला भाऊ हवा. पाठीशी करवली हवी, सूनमुख बघायला सासू हवी, कन्यादानाला आम्ही दोघं. आजी असेल तर ती हवीच. ही माणसं आधी लिहा. मग उरलेल्या जागा गाडीतल्या सीटा मोजून भरा. आम्ही दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठरवल्या, प्रत्येकीत तेरा. सीट संपली की यादी संपली. 'अजून दोघं होतीलच की' हे वाक्य सीटेपुढे टिकत नाही.

एवढं करूनही चुकलेच. ज्यांना बोलावता येणार नव्हतं त्यांना लग्न झाल्यावर पेढे घेऊन जाऊन सांगू, असं ठरवलं होतं. माझ्या धाकट्या नणंदेला, म्हणजे नवरीच्या सख्ख्या आत्याला, ते कळलं कोणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवर. त्या रागावल्या नाहीत. "छान दिसत होती हो पोरगी," एवढंच म्हणाल्या आणि आठ महिने घरी आल्या नाहीत. पेढे आधी न्यायचे असतात. स्वतः जायचं, चहा घ्यायचा आणि तोंडाने सांगायचं, की एवढीच माणसं नेतोय, तुम्ही त्यात नाही आणि मला त्याचं वाईट वाटतंय. शिव्या खाव्या लागल्या तर तिथेच खाव्यात.

यजमानांच्या चुलत्यांना हे सगळं कंजूषपणाचं वाटत होतं. त्यांना मी ऐकवलं की साध्या लग्नाची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं ते २५ डिसेंबर १८७३ ला, थोडक्या खर्चात आणि भटजीशिवाय. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला सामुदायिक विवाह झाले. काका म्हणाले, "मग तुमच्यात भटजी कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विहीणबाईंना सप्तपदी हवी होती, इतकंच.

आता तारीख. लेकीच्या मनात काजवे होते. मे संपता संपता आणि जूनचा पाऊस बसेपर्यंत भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या झाडांवर काजव्यांची लखलख असते, हे खरं. पण त्या शनिवार-रविवारी शेंडी गावापासून पुढच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची इतकी रांग लागते की वऱ्हाड गाडीतच राहील. शिवाय गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांचं मीलन बिघडतं. आपल्या लग्नासाठी त्यांचं मोडायचं का? पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला, घाटघरला, पाच हजारांच्या आसपास. धुक्यात नवरा नवरीला दिसायचा नाही, अंतरपाटाची गरजच उरायची नाही. डिसेंबरात तलावाकाठी तंबूंची गर्दी आणि रात्रभर गाणी. म्हणून माघ, आणि तोही आठवड्याच्या मधला वार. हा निर्णय बरोबर होता आणि आजही मी तोच सांगेन. फक्त एक गोष्ट मी पंचांगात शोधत होते, जी तिथे लिहिलेली नसते. ती पुढे येईलच.

जागा शोधायला आम्ही तिथे तीनदा गेलो. कोल्हार-घोटी रस्त्याने अकोले, विठा घाट, राजूर आणि मग शेंडी. १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालेलं दगडी विल्सन धरण, त्याच्या मागे पसरलेलं पाणी, आणि पाण्याच्या टोकाला रतनवाडी. लेकीला अमृतेश्वराच्या देवळात लग्न लावायचं होतं. कोरीव देऊळ, शेजारी पुष्करणी, मागे डोंगर. कोणालाही मोह व्हावा. पण ते केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. देवदर्शन करा, अभिषेक करा; पण मंडप, पंगत, समारंभ यांना तिथे परवानगीशिवाय जागा नाही. बरं झालं आधी कळलं. हार घालून उभं राहिल्यावर कळलं असतं तर फजिती होती.

दुसरी गोष्ट, हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून. गावं, शेतं, वाड्या त्याच्या पोटात आहेत, म्हणून आपल्याला ते जंगल वाटत नाही. पण वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, ड्रोन उडवायचा तर परवानगी लागते, कर्णे चालत नाहीत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्याला धोका होईल असा जाळ करता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. वाचलं आणि सोडून दिलं. होम म्हणजे जाळ, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. होम म्हणजे होम.

रतनवाडीच्या वाटेवरच्या एका वाडीत आम्ही उतरायची सोय केली. घर महादेव कोळी कुटुंबाचं. मालक पन्नाशीचे, बोलणं मोजकं. मी शिक्षिका होते हे कळल्यापासून मला 'बाई' म्हणायचे. त्यांनी दारापुढचं भाताचं खाचर दाखवलं. कापणी होऊन गेलेली, जमीन सपाट, कोरडी, गवताची काडी नाही, घरापासून वीस पावलं. "हितं लावा लगीन. पाणी जवळ, म्हाताऱ्या माणसांना बसायला ओसरी."

फोटोग्राफरने खाचरात उभं राहून चौकट करून पाहिली आणि मान हलवली. इथून नेढं दिसत नाही. रतनगडाच्या माथ्यावरचं ते सुईच्या नाकासारखं आरपार भोक लेकीला फोटोत मागे हवं होतं. ते दिसत होतं वरच्या पठारावरून, घरापासून दोनशे पावलांवर, एका कड्याच्या पायथ्याशी. कमरेइतकं वाळलेलं सोनेरी गवत. फार सुंदर जागा.

मालक म्हणाले, "बाई, वर जावा, फोटो काढा. पण धूर करू नका. कड्याला आग्या मोहोळ हाये."

मी वर पाहिलं. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली काळ्या फळ्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. इतक्या उंचावर, इतकं लांब. "आम्ही राब भाजतो तवाबी कड्याची बाजू सोडतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "छोटासा होम आहे हो, दहा मिनिटांचा." ते काही बोलले नाहीत. पाहुण्याला दोनदा 'नाही' म्हणायची त्यांच्याकडे रीत नाही. तुम्ही जाल तिथेही नसेल. त्यामुळे पहिल्यांदा म्हणतील तेव्हाच ऐका.

लग्नाच्या सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना वाडीतल्या दोन पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. वाऱ्याने अंतरपाट तीनदा हातातून सुटला, शेवटी दोन्ही टोकं मामांनी आणि दिरांनी मुठीत आवळून धरली. मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यातला प्रत्येक शब्द ऐकू आला. अक्षता पडल्या, कन्यादान झालं. गुरुजींनी होम पेटवला. गवत आम्ही विळ्याने चार हात कापून घेतलं होतं. तूप पडलं, समिधा ओल्या होत्या, धूर उठला आणि वाऱ्याबरोबर सरळ कड्याला जाऊन भिडला.

लाजाहोम झाला. तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या. लेक आणि जावई चौथ्या राशीवर आले तेव्हा वरून आवाज आला. गाडीचं इंजिन दूर कुठेतरी चालू व्हावं तसा. फोटोग्राफरला वाटलं कोणी ड्रोन उडवतंय. खालून मालकांची हाक आली, "पळा! घरात पळा! तोंड झाका!"

पुढचं सलग आठवत नाही. मामांनी भाचीला शालूसकट ओढत नेलं. जावई करवलीच्या लेकराला काखेत घेऊन धावले. सासूबाईंना पळता येणार नव्हतं; ज्या पोरांनी त्यांना वर आणलं होतं त्यातल्याच एकाने त्यांच्यावर घोंगडी टाकली आणि स्वतःही तिच्यात शिरला. दुसरा पोरगा मात्र खाली न येता होमाकडे गेला. त्याने कुंडावर माती लोटली आणि कडेला लागलेलं गवत गोणपाटाने झोडपून विझवलं. आम्हाला माश्याच दिसत होत्या, त्याला वणवा दिसत होता. माघातलं गवत, असा वारा आणि भोवती अभयारण्य. पंचांगात लिहिलेली नसते ती गोष्ट हीच. तो पोरगा नसता तर मी आज कोणाला सल्ला द्यायला तोंड दाखवू शकले नसते. त्याला तेवीस डंख झाले.

आग्या माशीचा डंख कातडीत रुतून राहतो आणि सुटल्यावरही विष सोडत राहतो, म्हणून तो पटकन काढायचा, नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. हात झाडत उभं राहायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही. तोंड-डोकं झाकून बंद घरात किंवा गाडीत शिरायचं. ज्याला पळता येत नाही त्याला जाड कापडाने पूर्ण झाकायचं. हे मला सगळं नंतर, दवाखान्यात कळलं. मामांचे ओठ सुजले आणि त्यांना धाप लागली तेव्हा मालकांनी विचारत बसण्यात वेळ घालवला नाही, गाडी काढली आणि राजूरचा सरकारी दवाखाना गाठला. धाप, ओठ-जिभेला सूज, चक्कर यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय नाहीत. इंजेक्शनच लागतं आणि तेही लगेच. १०८ ला फोन करायचा म्हणाल, तर आमच्यापैकी कोणाच्याच मोबाइलला त्या वाडीत रेंज नव्हती. कोणत्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते हे वाडीतल्या पोरांना माहीत असतं. आदल्या दिवशी तो दगड बघून ठेवा. एक गाडी चालकासह रिकामी, तोंड रस्त्याकडे करून उभी ठेवा. आणि यादीतल्या प्रत्येकाला आधीच विचारा, की कशाची ॲलर्जी आहे का, रोजची औषधं कोणती. मी शाकाहारी-मांसाहारी विचारलं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला मामा परतले, चेहरा भोपळ्यासारखा, पण हसत. तोपर्यंत ओसरीवर वेगळीच चर्चा रंगली होती. लग्न झालं की नाही? काका म्हणाले, अक्षता पडल्या म्हणजे झालं. गुरुजींचा एक डोळा बंद झाला होता, तरी ते ठाम होते: सप्तपदी पुरी नाही. जावयांनी मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला १९५५ चा हिंदू विवाह कायदा काढला. कलम ७: जिथे विधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. चौथ्याचा उल्लेख नाही.

मालकीणबाईंनी चुलीतले निखारे घमेल्यात काढून ओसरीच्या मधोमध आणून ठेवले. तांदूळ वर सांडले होते, म्हणून त्यांनी कणगीतला काळभात काढून दिला. गुरुजी म्हणाले, पहिल्यापासून. लेक आणि जावई कणगीला, उखळाला आणि टांगलेल्या नांगराला वळसा घालत सात पावलं चालले. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना एकच डंख होता, मनगटावर. त्या म्हणाल्या, "सकाळीच इथे लावलं असतं तर मला खुर्चीत बसून मिरवणूक काढून घ्यावी लागली नसती."

कायद्याचं थोडं अजून, कारण फोन करणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. पुष्कळांना वाटतं डोंगरावर हार घालू, फोटो काढू आणि नंतर नोंदणी करून घेऊ. हिंदू विवाह कायद्याखाली ते पुरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती नागरत्ना आणि मसीह यांच्या पीठाने, विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलेल्या जोडप्याचं लग्न लग्नच नाही असं ठरवलं. विधी कोणताही असो, वधू किंवा वर यांच्या रीतीचा असला पाहिजे आणि तो खरोखर झाला पाहिजे. त्याचे फोटो ठेवा.

विधी नकोच असतील किंवा दोघं वेगवेगळ्या धर्मांचे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस राहत असलेल्या जिल्ह्यातच. आमची दोघं पुण्यात राहणारी. लेकीला आधी वाटत होतं की विवाह अधिकाऱ्यांनाच भंडारदऱ्याला आणू. कायदा कार्यालयाबाहेर लग्न लावू देतो, पण कार्यालयापासून वाजवी अंतरावर. पुण्याच्या कार्यालयाला अकोले तालुका वाजवी वाटेल अशी आशा धरू नका. नोंदणी विवाह राहत्या जिल्ह्यात उरकावा आणि डोंगरावर घरगुती सोहळा करावा, हे सरळ.

विधीने लग्न लावलं असेल तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत नोंदणी करायची. अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. सही त्याच दिवशी, जेवणाआधी घ्या. आमचे गुरुजी सुजलेला डोळा घेऊन जे गेले ते फोन उचलेनात. यजमान दोनदा त्यांच्या दारात जाऊन आले, दुसऱ्यांदा चांदीची वाटी घेऊन. मग सही मिळाली.

उरलेल्या गोष्टी पटकन सांगते. बायकांच्या संडासाची सोय जागा बघतानाच बघा. नऊवारी नेसून करवंदीच्या जाळीआड जाता येत नाही, हे जागा निवडणाऱ्या तरुण मुलांना आणि फोटोग्राफरला कधीच सुचत नाही. शहरातून केटरर नेऊ नका. आम्ही वाडीतल्या बायकांना स्वयंपाक सांगितला. नागलीची भाकरी, काळभात, हरभऱ्याची उसळ आणि पुरणपोळी. हा काळभात अकोल्याचा देशी वाण. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्यांनी असे कितीतरी वाण जपले आहेत. पुण्याच्या पाहुण्यांनी भात तीनदा मागून घेतला. पैसे आधी ठरवा आणि निघताना घासाघीस करू नका. पत्रावळी, बाटल्या, फुलांचं प्लॅस्टिक परत आपल्या गाडीत. अत्तर, सुगंधी स्प्रे आणि फटाके घरीच ठेवा. धुरासारखेच तेही माश्यांना उठवतात. होम हवा असेल तर कड्यापासून दूर, नांगरलेल्या किंवा रिकाम्या खाचरात, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि राखणीला एक माणूस ठेवून, तोही घरमालक आणि वनरक्षक दोघांना विचारून. ते नको म्हणाले तर ओसरीवरचे निखारे पुरतात. आमचे पुरले.

या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. या वेळी नवरीच्या आत्यालाही नेलं. गाडीत पुढची सीट दिली. तेवीस डंखवाल्या पोराच्या लग्नाचं आमंत्रण तिथेच मिळालं. मांडव दारापुढच्या खाचरात आहे आणि आमच्याकडून किती माणसं येणार, असं मालकांनी विचारलं. आत्या म्हणाल्या, "सगळीच."